उरेब पट्टीचा गोट : गळा व मुंढा यांच्या कडांचा विचार

कापडाची सरळ कड दुमडून शिवणे सोपे असते. अडचण येते ती वक्र कडेपाशी. गळा व मुंढा हे वस्त्राचे दोन्ही भाग वक्राकार कापले जातात. वस्त्र घालता-काढताना अधिक ताण त्यांच्यावरच पडतो, आणि मान व काख येथील कोमल त्वचेला त्यांच्याच कडा घासतात. या कडांना उरेब पट्टीचा गोट लावण्याची रीत शिवणकामात रूढ आहे. ही पट्टी उरेबच का असावी आणि अरुंद का असावी, या दोन प्रश्नांची उत्तरे कापडाच्या रचनेत व वर्तुळाच्या भूमितीत सापडतात.

मागावरील कापडात उभे व आडवे धागे परस्परांशी काटकोन करतात. धाग्याच्या दिशेने ओढल्यास कापड फारसे वाढत नाही, कारण तेथे प्रत्यक्ष धागाच ताणावा लागतो. ४५ अंशांच्या तिरक्या, म्हणजेच उरेब दिशेने ओढल्यास मात्र धागे न ताणता केवळ त्यांच्यामधील कोन बदलतो. धाग्यांच्या चौरस घराचा समभुज चौकोन होतो. हा कोन ९० अंशांवरून ८० अंशांवर आला, तर घराचा एक कर्ण सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो व दुसरा सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. उरेब पट्टी ओढली असता लांबते आणि त्याच वेळी अरुंद होते, ती यामुळेच.

आता ३० सेंटिमीटर परिघाचा वर्तुळाकार गळा घेऊ. त्यास अर्धा सेंटिमीटर रुंदीचा गोट लावावयाचा झाल्यास शिवणरेषा कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, म्हणजे अधिक मोठ्या वर्तुळावर येते. तिची लांबी ३३.१४ सेंटिमीटर होते. गोटाची घडी मात्र ३० सेंटिमीटरांच्या मूळ कडेवरच बसावी लागते. एकाच पट्टीतील या दोन रेषांत ३.१४ सेंटिमीटरांचा फरक पडतो. सरळ धाग्यावर कापलेल्या पट्टीस तो सामावून घेता येत नाही; तिला चुण्या पडतात. उरेब पट्टी शिवणरेषेवर किंचित ताणून लावली, की घडीची बाजू आखूड राहून कडेशी सपाट बसते. न ताणता लावल्यास तीच घडी मानेपासून सुटून उभी राहते.

पूर्ण वर्तुळापुरता हा फरक गळ्याच्या मापावर अवलंबून नसून केवळ गोटाच्या रुंदीवर अवलंबून असतो. रुंदी १ सेंटिमीटर केली, तर फरक दुप्पट, म्हणजे ६.२८ सेंटिमीटर होतो. कड लहान असेल, तर तोच फरक थोड्या लांबीत सामावावा लागतो. तान्ह्या मुलाच्या झबल्याच्या मुंढ्यास गोट अगदी अरुंद ठेवतात, त्याचे कारण हेच होय.

पट्टीचे मापही यावरूनच ठरते. गोटाची पुढची व मागची बाजू आणि दोन्हींकडील आत जाणारी माया धरून पट्टी तयार गोटाच्या चौपट रुंद लागते. ताणल्यावर ती अरुंद होते आणि कापडाच्या जाडीतही थोडी खर्ची पडते. म्हणून अर्ध्या सेंटिमीटरच्या गोटासाठी २ सेंटिमीटरांहून थोडी अधिक रुंद पट्टी कापणे इष्ट ठरते. पट्ट्यांचे जोड सरळ धाग्यावर घ्यावेत. त्यायोगे जोड तिरका येतो व त्याची जाडी एकाच ठिकाणी साचत नाही. मुंढ्यावरील जोड काखेच्या शिवणीजवळ आणल्यास तो झाकलाही जातो.

गळ्याच्या कडेचा विचारही येथे आवश्यक आहे. पुढच्या मध्याशी ही कड आडव्या धाग्यास समांतर असते. खांद्याकडे चढताना ती तिरकी होत जाते. तिच्या या तिरक्या भागालाच उरेबाचा गुण लागू पडतो व हाताळताना तो सैल होतो. म्हणून गोट लावण्यापूर्वी त्या कडेवर मायेच्या आत एक शिलाई घालून तिचे माप बांधून घेतात. सुती कापड असल्यास वस्त्र व पट्टी ही दोन्ही कापण्यापूर्वी भिजवून वाळवणे हिताचे असते; अन्यथा पहिल्या धुण्यात दोन्ही असमान आटतात आणि सपाट बसलेला गोट गोळा होतो.

जर्सीसारख्या फासेविणीच्या कापडात फासाच मोकळा होऊन कापड ताणले जाते. तेथे पट्टी उरेब कापण्याची गरज राहत नाही. यावरून असे दिसते की उरेब पट्टी हा केवळ शोभेचा प्रकार नव्हे. न ताणणाऱ्या धाग्यांच्या कापडाला वक्र कडेवर वळण्याची जी सोय हवी असते, ती त्याच्याच विणीतून मिळवण्याचा तो उपाय आहे.