'गेस' म्हणजे नुसता अंदाज नव्हे

बारावीतली एक मुलगी इंग्रजी गोष्टीचा अनुवाद तपासायला घेऊन आली. गोष्टीतला मुलगा धावत घरात शिरतो आणि आईला म्हणतो, 'गेस व्हॉट!' वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'काय ते अंदाज कर!' मी विचारलं, "तू अशी धावत घरी आलीस तर आईला काय म्हणशील?" ती पटकन म्हणाली, "आई, काय झालं माहितीये?" अनुवाद झाला होता!

'गेस' म्हणजे अंदाज करणे, हे चूक नाही. पण तेवढ्यावरच थांबलं की वाक्यं फसतात. 'ही गेस्ड द आन्सर' याचा अर्थ बहुतेक वेळा 'त्याने उत्तर बरोबर ओळखलं' असा असतो. लागला तर लागला नेम, असं काहीतरी ठोकून दिलं असेल तर 'गेस्ड अ‍ॅट' म्हणतात. कोडं घातल्यावर आपण 'ओळखा पाहू' म्हणतो ना, ते हे 'गेस'. आणि 'गेस पेपर'ला आपल्याकडे कुणी 'अंदाजपत्रिका' म्हणत नाही. त्याला आपला नेमका शब्द आहे, 'अपेक्षित'. मोजून-मापून काढलेल्या आकड्याला मात्र 'गेस' म्हणू नये. तो 'एस्टिमेट'.

'आय गेस'चं प्रकरण आणखी वेगळं. "पाऊस थांबला का?" "आय गेस सो." म्हणजे 'थांबला असावा'. इथे मराठीला 'अंदाज करणे' लागतच नाही. 'असावा', 'बहुतेक', 'वाटतं' यांत काम भागतं. उत्तर जरा नाखुशीचं असेल तर 'असेल बाबा'.

हे 'आय गेस' अमेरिकनांनी काढलेलं बिघडलेलं इंग्रजी, असं मलाही शाळेत सांगितलं होतं. ते खरं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यापायी कितीतरी वह्यांवर लाल शाई फिरली. इंग्रज कवी चॉसर 1400 साली वारला, म्हणजे कोलंबस निघण्याच्या 92 वर्षं आधी. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत सरदाराच्या तरुण मुलाचं वय वीसेक वर्षं सांगताना तो हेच 'आय गेस' जोडतो. इंग्लंड सोडून गेलेल्या लोकांबरोबर ते अमेरिकेत पोचलं आणि तिथे रुळलं. इंग्लंडात 'आय सपोज' जास्त चालू लागलं.

बोलताना, मित्राला निरोप धाडताना 'आय गेस' खुशाल वापरावं. नोकरीच्या अर्जात मात्र नको; तिथे 'आय बिलीव्ह' बरं.