संयुक्त प्रतिजैव चिकित्सा, वृक्क प्रतिरोपणोत्तर

वृक्काचे (मूत्रपिंडाचे) प्रतिरोपण झालेल्या रुग्णाच्या मूत्रमार्गात नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाल्यास दोन किंवा अधिक जंतुरोधी औषधे एकत्र देऊन केलेल्या उपचारास ही संज्ञा लावतात. जंतूंचा नाश करताना प्रतिरोपित वृक्कास इजा होऊ न देणे, ही या चिकित्सेतील मुख्य अडचण होय.

कारणे : वृक्क प्रतिरोपणानंतरच्या जंतुसंसर्गांत मूत्रमार्गाच्या संसर्गाचे प्रमाण सर्वाधिक असून तो विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत आढळतो. शरीराने परके वृक्क अव्हेरू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे देऊन रोगप्रतिकारशक्ती दडपलेली असते. मूत्राशयात घातलेली नळी, मूत्रवाहिनीतील स्टेंट व मूत्राचा उलटा प्रवाह यांमुळे जंतूंना वर चढण्यास वाट मिळते. प्रतिरोपित वृक्काच्या तंत्रिका तुटलेल्या असल्याने नेहमीची कंबरदुखी जाणवत नाही; ताप व रक्तातील क्रिअ‍ॅटिनिनाची वाढ हीच कित्येकदा पहिली सूचना असते.

जंतूंचा प्रतिकार : एश्चेरिकिया कोलाय व क्लेब्सिएल्ला न्यूमोनी हे जंतू बीटा-लॅक्टमेज एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांस चालना देणारी प्रथिने) तयार करून पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरीन गटांतील औषधे निकामी करतात. काही एंझाइमे कार्बापेनेम गटातील औषधांचेही विघटन करतात. यांपैकी एनडीएम-१ हे एंझाइम प्रथम २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णाच्या मूत्रातील क्लेब्सिएल्ला जंतूत आढळले. या रुग्णावर पूर्वी नवी दिल्लीत उपचार झाले होते. त्यावरून एंझाइमास दिलेले नाव भारतात वादग्रस्त ठरले.

संयोगाची तत्त्वे : औषधे तीन प्रकारे परस्परपूरक ठरतात. (१) ट्रायमेथोप्रिम व सल्फामेथॉक्साझोल ही जंतूच्या फॉलिक अम्लनिर्मितीतील दोन निरनिराळ्या टप्प्यांवर आघात करतात. (२) पेनिसिलिनामुळे एंटेरोकॉकस जंतूची भित्ती दुबळी होते आणि स्ट्रेप्टोमायसीन किंवा जेंटामायसीन आत शिरू शकते. (३) एक औषध दुसऱ्याचे संरक्षण करते. ॲझ्ट्रिओनाम या औषधाचे एनडीएम विघटन करू शकत नाही. परंतु त्याच जंतूतील इतर बीटा-लॅक्टमेजे ते नष्ट करतात. ॲव्हिबॅक्टाम या इतर एंझाइमांना रोखते व ॲझ्ट्रिओनाम कार्यक्षम राहते. या जोडीस यूरोपीय संघात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्यापूर्वीपासून सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टाम व ॲझ्ट्रिओनाम एकत्र देऊन हाच परिणाम साधला जातो.

मर्यादा : दोन औषधे एकापेक्षा नेहमीच श्रेष्ठ असतात, असे नाही. न्यूमोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथात पेनिसिलिनाबरोबर ऑरिओमायसीन दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण केवळ पेनिसिलीन दिलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे १९५१ मध्ये दिसून आले. वाढणाऱ्या जंतूंवरच पेनिसिलीन परिणामकारक असते आणि दुसरे औषध ती वाढच थांबवते, हे त्याचे कारण होय. इझ्राएल, ग्रीस व इटली येथील ४०६ रुग्णांवरील चाचणीतही (२०१८) कार्बापेनेमरोधी जंतूंच्या गंभीर संसर्गांत कोलिस्टिनाला मेरोपेनेमाची जोड दिल्याने अधिक लाभ झाला नाही. या रुग्णांत ॲसिनेटोबॅक्टर जंतूंचा संसर्ग झालेले बहुसंख्य होते.

प्रतिरोपित वृक्काच्या बाबतीत प्रत्येक वाढीव औषधाची किंमत मोजावी लागते. कोलिस्टीन व जेंटामायसीन वृक्कास विषारी असून टॅक्रोलिमसाचाही तोच दोष आहे. रिफँपिसिनामुळे टॅक्रोलिमसाचे रक्तातील प्रमाण घटून वृक्क अव्हेरले जाण्याचा धोका संभवतो, तर क्लॅरिथ्रोमायसिनामुळे ते वाढते. ट्रायमेथोप्रिमामुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते.

व्यवहार : उपचारापूर्वी मूत्राचे संवर्धन करून जंतूंची औषधसंवेद्यता तपासतात. गंभीर अवस्थेत अहवाल येईपर्यंत व्यापक उपचार द्यावा लागतो. मात्र एक परिणामकारक बीटा-लॅक्टम औषध निश्चित झाल्यावर दुसरे सहसा थांबवितात. फॉस्फोमायसीन मूत्रात मोठ्या प्रमाणात उतरत असल्याने मूत्राशयापुरत्या मर्यादित संसर्गात ते एकटेही पुरेसे ठरू शकते. नळी, स्टेंट किंवा मूत्रप्रवाहातील अडथळा कायम राहिल्यास औषधांचा कोणताही संयोग टिकाऊ गुण देत नाही. प्रतिरोपणास एक-दोन महिने उलटल्यानंतर मूत्रात जंतू आढळले, तरी लक्षणे नसल्यास औषध देत नाहीत. कारण अनावश्यक औषधांमुळे प्रतिकारक्षम जंतूंचीच निवड होते. [→ प्रतिजैव पदार्थ, प्रतिरोपण, वृक्क].