कड्यावरची खोली, कडेवरचं पोर

ग्रीसला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी एक फोटो फिरतो. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि खाली निळाशार समुद्र. बहुतेक वेळा तो सॅन्टोरिनी बेटावरच्या इया गावाचा असतो. आमच्याही घरात तो फिरला, आणि मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही तिथेच तीन रात्रींसाठी खोली घेतली. गल्लीपासून खोलीपर्यंत ६२ पायऱ्या उतराव्या लागत. बाबागाडी पहिल्या दिवशी घडी घालून दाराआड ठेवली, ती निघतानाच बाहेर काढली. अंगणाला कठडा होता, पण माझ्या गुडघ्याएवढा. त्याच्या पलीकडे खालच्या घराचं छप्पर, त्याखाली आणखी एक, आणि मग सरळ खोल समुद्र. तीन दिवस तिचा हात आम्ही सोडला नाही. सूर्यास्त दोघांनी आळीपाळीने पाहिला. पुढचे पाच दिवस नाक्सोस बेटावर होतो. तिथे दारातून निघून दोन मिनिटांत पाय वाळूत असायचे.

त्यानंतर मुलांना घेऊन तीनदा ग्रीक बेटांवर जाणं झालं. ओळखीचे लोक विचारतात तेव्हा प्रश्न एकच असतो, "कोणतं बेट चांगलं?" लहान मुलं बरोबर असतील तर बेटाच्या नावाआधी दोन गोष्टी बघाव्यात, असं मी आता सांगते. बेटाची कोणती बाजू, आणि खोलीच्या दारापासूनचे दोनशे मीटर कसे आहेत. या दोन गोष्टी कळल्या की पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

"सॅन्टोरिनीत राहिलो नाही, तर ग्रीस काय पाहिलं?"

सॅन्टोरिनी म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाची उरलेली कड. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या महाप्रचंड उद्रेकात मधला भाग खाली बसला आणि समुद्र आत शिरला. फिरा, इमेरोविग्ली आणि इया ही गावं त्या कडेवर वसलेली आहेत. फिरा आणि इमेरोविग्ली तर पाण्यापासून अडीचशे-तीनशे मीटर उंचीवर. मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेल्या जुन्या गुहाघरांची तिथे हॉटेलं झाली आहेत. ती देखणी आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यासमोर समुद्र नुसता दिसतो, त्यात पाय बुडवता येत नाही. फिराच्या जुन्या बंदरावर पायी उतरायचं तर जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. कड्यावरची अनेक हॉटेलं बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. ती जागा पाहिली की कारण कळतं, आणि राग येत नाही.

हे बेट पाहायचंच असेल तर राहायला खालच्या सपाट गावांत जावं. पूर्वेला कमारी आहे, दक्षिणेकडे पेरिसा. तिथे हॉटेल पाण्याजवळ असतं आणि कड्यावर बसने जाऊन संध्याकाळी परतता येतं. मात्र तिथली काळी वाळू आणि खडे उन्हाळ्यात दुपारी इतके तापतात की अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, आणि पाणीही चार पावलांत खोल होतं. दुडुदुडु धावणाऱ्या मुलाला हा किनारा सोयीचा नाही. सात-आठ वर्षांच्या, पोहता येणाऱ्या मुलाला मात्र तो आवडेल.

"बीचपासून २०० मीटर, म्हणजे जवळच की!"

नकाशा अंतर सांगतो, चढ सांगत नाही. ग्रीक बेटं बहुतेक डोंगराळ आहेत. जाताना दोनशे मीटर उतार असतो. येताना तेच दोनशे मीटर, डोक्यावर दीडचं ऊन, कडेवर झोपलेलं मूल, खांद्यावर ओले टॉवेल आणि वाळूने भरलेली बादली. रोड्स बेटावरचं लिंडोस गाव याचं उत्तम उदाहरण आहे. सुंदर आहे, पण आतल्या अरुंद गल्ल्यांत गाडी जात नाही, आणि दोन्ही किनारे गावाच्या खाली आहेत. उपग्रहावरून घेतलेली चित्रं उघडून रस्ता बघावा. वाट नागमोडी वळणं घेत गेली असेल, तर तिथे चढ आहे असं समजावं.

"तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी नाही, मग पाणी शांतच असणार"

हा गैरसमज आपल्या लोकांत जास्त आहे, आणि त्याचं कारण कळतं. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी भरती आठवते. भूमध्य समुद्रात ती अगदीच थोडी असते, हे खरं. पण एजियन समुद्रात पाण्याचा स्वभाव ठरतो तो वाऱ्यावर, आणि त्या वाऱ्याचं नाव मेल्टेमी.

जुलै-ऑगस्टमध्ये हा उत्तरेकडचा वारा सलग काही दिवस वाहतो. आभाळ निरभ्र आणि ऊन लख्ख, पण वाऱ्याचा वेग मात्र अनेकदा ताशी ५० किलोमीटरच्या घरात. दुपारी तो चढतो. प्राचीन ग्रीकांनी याला एतेसियन म्हटलं, म्हणजे दरवर्षी येणारा. त्याचं नातं आपल्या पावसाशी आहे. उन्हाळ्यात भारतीय उपखंडावर मान्सूनचा जो कमी दाबाचा प्रदेश तयार होतो, त्याचा पट्टा इराणच्या आखातावरून पश्चिमेला तुर्कस्तानपर्यंत पसरतो. बाल्कन भागात तेव्हा हवेचा दाब जास्त असतो. त्या दोहोंच्या मधून एजियनवर हा वारा सुटतो. आपल्याकडे सह्याद्रीवर पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे छत्र्या उडत असतात.

मोठ्या माणसाला हा वारा सुखाचा वाटतो, उकाडा जाणवत नाही. पण मुलाची उंची आपल्या कमरेपर्यंत. उडणारी वाळू नेमकी त्याच उंचीवरून त्याच्या तोंडावर येते. नाक्सोसच्या एका किनाऱ्यावर आमच्या मुलाने डोळे गच्च मिटून माझ्या पायाला मिठी मारली होती, ती मला अजून आठवते. अर्ध्या तासाने आम्ही त्याच बेटावर दुसरीकडे, आयिओस येऑर्यिओसच्या खाडीत गेलो. हा किनारा नाक्सोसच्या मुख्य गावाला लागूनच आहे. मी मुलाचा हात धरून तीस पावलं आत चालत गेले, तरी पाणी त्याच्या पोटाच्या वर आलं नाही. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती आणि लहान मासे त्याच्या बोटांभोवती फिरत होते. याच बेटावर थोडं दक्षिणेला मिक्री विग्ला आहे, तिथे पतंगाला बांधून लाटांवर घसरणारे लोक जगभरातून येतात. बेट एक, दिवस एक, पण किनाऱ्यांचा स्वभाव वेगळा.

म्हणून बाजू बघायची. रोड्सचा पश्चिम किनारा वाऱ्याचा आणि खड्यांचा. पूर्वेकडचं त्साम्बिका मऊ वाळूचं आणि उथळ. क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर लाटा येतात, पण हान्या शहराजवळच्या आयिआ मारिनासमोर एक छोटं बेट आडवं आहे, त्यामुळे तिथे पाणी जरा सौम्य असतं. हान्याच्या पूर्वेकडची अल्मिरिदाची खाडीही उथळ. मेल्टेमी नकोच असेल तर पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रात कोर्फूला जावं. तिथे दुपारची झुळूक येते, पण एजियनमधलं थैमान नसतं. कोर्फूत उत्तरेचे रोडा, अखारावी हे किनारे लहानांसाठी बरे. ईशान्येकडच्या कोपऱ्यात गोटेच गोटे, तिथे पाण्यात घालायचे रबरी बूट लागतात. एक साधी खूण सांगते. ज्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग शिकवणारी दुकानं दिसतील, तिथे वारा हमखास असतो.

"मुलांना मेमध्ये सुट्टी, तेव्हाच जाऊ, गर्दीही कमी"

गर्दी कमी असते, हवा छान असते, डोंगर हिरवे असतात. पण पाणी गार. गोव्याचा समुद्र मेमध्ये २९-३० अंशांवर असतो. क्रीट-रोड्सजवळ तेव्हा तो १८-१९ अंश असतो, उत्तरेला त्याहून कमी. तीन वर्षांचं मूल त्यात पाच मिनिटांत निळं पडतं. त्यामुळे मेमध्ये जाणाऱ्यांनी दक्षिणेकडची बेटं घ्यावीत आणि तापवलेल्या पाण्याचा तलाव आहे का ते लेखी विचारावं. 'तलाव आहे' आणि 'तापवलेला आहे' यांत फरक आहे. ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या सुट्टीत, उलट असतं. समुद्राने उन्हाळाभर ऊब साठवलेली असते, दक्षिणेत पाणी २१-२२ अंशांवर मिळतं, पण हॉटेलं, खानावळी बंद व्हायला लागलेल्या असतात आणि बोटींच्या फेऱ्या घटतात. शाळेचं बंधन नसलेल्या मुलांचे आईबाप फार नशीबवान. त्यांनी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरावा.

"तारे जास्त, म्हणजे सोय जास्त"

ग्रीसमध्ये हॉटेलांना तारे मिळतात, पण भाड्याच्या खोल्या आणि छोट्या घरांची प्रतवारी चाव्यांत होते. दाराजवळच्या पाटीवर तारे नसून चाव्या दिसल्या तर जागा हलकी आहे असं मुळीच नाही. आमच्या सगळ्यात सुखाच्या मुक्कामाला तीन चाव्या होत्या. खाली मालकीणबाई राहायच्या, वर चार खोल्या, प्रत्येकीत दोन शेगड्या आणि छोटा फ्रिज. लहान मुलाला संध्याकाळी साडेसहाला भूक लागते, आणि ग्रीक माणूस रात्री नऊ-दहाला जेवतो. अशा वेळी त्या दोन शेगड्यांची किंमत पाच ताऱ्यांहून जास्त असते. तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि तिथलं घट्ट दही असं असतं की दहीभाताला दुसरं काही लागत नाही. नाक्सोसचा बटाटा तर ग्रीसभर नावाजलेला.

खर्चाचाही एक भाग आहे. एप्रिल ते ऑक्टोबर प्रत्येक खोलीवर दर रात्री सरकारी हवामान-शुल्क लागतं. २०२५ पासून ते तीन तारा हॉटेलात ५ युरो, चार तारा हॉटेलात १० आणि पंचतारांकित हॉटेलात १५ युरो आहे. आरक्षणाच्या किमतीत ते बहुधा नसतं, काउंटरवर द्यावं लागतं. दहा रात्रींचा हिशेब करून बघावा.

शब्दांकडेही नीट लक्ष द्यावं. 'स्टुडिओ' म्हणजे एकच खोली, तिच्यातच ओटा. मूल आठला झोपलं की आईबाबांनी अंधारात बसायचं, नाहीतर गच्चीत. म्हणून गच्ची हवीच. 'अपार्टमेंट'मध्ये झोपायची खोली वेगळी. 'मेझोनेट' म्हणजे आत जिना असलेलं दोन मजली घर. हा जिना कधीकधी शिडीसारखा उभा आणि कठड्याविना असतो. रांगणारं मूल असेल तर ते नावच वगळावं. आणि खासगी तलाव असलेलं घर घेताना तलावाला कुंपण असेलच असं गृहीत धरू नये. घराचं दार उघडल्यावर पाणी किती पावलांवर आहे ते विचारावं. हा प्रश्न विचारायला संकोचू नये, कधीच.

"इतक्या लांब जातोय, तर चार बेटं तरी करू"

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून नाक्सोसला मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते. वेगवान बोट तीन-साडेतीन तासांत पोचवते, पण तिच्यात सहसा बंद दालनात बसायचं, आणि वारा असला की ती जास्त उसळते. मोठ्या बोटीत डेकवर फिरता येतं, मुलं रमतात. वारा फारच वाढला तर बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात, मग सगळं वेळापत्रक कोलमडतं. प्रत्येक बेट बदलायचं म्हणजे सामान बांधणं, बंदरावर उन्हात उभं राहणं, नवी खोली, नवा पलंग, आणि मुलाची मोडलेली झोप. यात एक अख्खा दिवस जातो. आठ-दहा दिवसांसाठी दोन मुक्काम पुरे झाले.

क्रीटचं उलट होतं. एकच बेट आहे म्हणून लोक एकच हॉटेल घेतात आणि रोज गाडी हाकतात. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. हेराक्लिओन शहरात राहून पश्चिमेकडचा एलाफोनिसीचा गुलाबी किनारा बघायचा म्हणजे मुलाने दिवसाचे सात तास गाडीच्या खुर्चीत काढायचे. पश्चिम भाग बघायचा असेल तर हान्याजवळ राहावं, क्नोसोसचा राजवाडा बघायचा असेल तर हेराक्लिओनजवळ.

"मुलं रडली, पळापळ केली, तर लोक काय म्हणतील?"

इथे निर्धास्त राहावं. ग्रीसमध्ये रात्री अकरालाही चौकात मुलं सायकली फिरवत असतात आणि आज्या बाकांवर बसलेल्या असतात. आमच्या मालकीणबाईंनी मुलीचं कौतुक केलं आणि लगेच तिच्यावर हलकेच तीनदा 'फ्तू फ्तू फ्तू' केलं. दृष्ट लागू नये म्हणून. मुलीच्या गालावर मी काजळाची तीट लावत असे, तिचा अर्थ मी त्यांना खुणांनी सांगितला, तेव्हा त्या हसून आत गेल्या आणि निळ्या डोळ्याचा एक मणी घेऊन आल्या.

फक्त ही चौकातली जाग लक्षात घेऊन खोली निवडावी. चौकाच्या डोक्यावरची नको, मागच्या गल्लीतली बरी. दुपारी मात्र शांतता मिळते. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच ही तिथे शांततेची अधिकृत वेळ आहे, आणि मुलांच्या झोपेला याहून चांगलं काय हवं?

डॉक्टरांची चिंता बेटाच्या आकाराप्रमाणे करावी. क्रीट, रोड्स, कोर्फू, कोस इथे मोठी रुग्णालयं आहेत. नाक्सोस आणि सॅन्टोरिनीतही रुग्णालय आहे. लहान बेटांवर आरोग्यकेंद्र असतं आणि गंभीर रुग्णाला हवाईमार्गे हलवतात. मुलाला दम्याचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर मोठं बेट घ्यावं. ताप, जुलाब, कान दुखणं यासाठी हिरव्या क्रॉसची औषधाची दुकानं असतात. रात्री कोणतं उघडं आहे त्याची यादी दुकानाच्या दारावर लावलेली असते. आणीबाणीचा क्रमांक ११२.

भारतातून जाणाऱ्यांना व्हिसासाठी मुक्कामाचं आरक्षण आधी दाखवावं लागतं, म्हणून ते घाईने होतं. विनाशुल्क रद्द करता येईल असंच आरक्षण करावं, आणि व्हिसा येईपर्यंतच्या दिवसांत मालकांना पत्र लिहावं. गेल्या वेळी मी पारोस बेटावरच्या एका घरमालकिणीला लिहिलं होतं, की दारापासून पाण्यापर्यंतची वाट कशी आहे? तिने उत्तर म्हणून मोबाइलवर घेतलेलं चित्रण पाठवलं. दार उघडलं, दोन पायऱ्या, कुंपणाचं फाटक, एक धुळीचा सपाट रस्ता, दोन झावळीसारखी झाडं, मग वाळू. तिचा नातू पुढे चालत होता, हातात लाल बादली. तो न थांबता सरळ पाण्यात शिरला, खूप आत गेला, वळून उभा राहिला, आणि पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतच होतं. मी लगेच होकार कळवला.