दुखणे अंगावर काढणारी

‘दुखणे अंगावर काढणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग तसा सगळ्यांसाठीच आहे. पण घराघरांतून तो ऐकू येतो तो आई, बायको, सून यांच्याबद्दल. अवयव प्रत्यारोपणाचे आकडे पाहिले की त्याचा अर्थ नीट कळतो.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, म्हणजे ‘नोट्टो’, देशभरच्या प्रत्यारोपणांची नोंद ठेवते. तिच्या आकडेवारीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात भारतात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. अवयव मिळालेले पुरुष २९,६९५. स्त्रिया अवघ्या ६,९४५. आता देणाऱ्यांकडे बघा. २०२३ साली हयातीत अवयव देणाऱ्या १५,४३६ जणांमध्ये ९,७८४ स्त्रिया होत्या.

मग बायकांना आजारच कमी होतात का? दारूमुळे यकृत निकामी होणाऱ्यांत पुरुष जास्त, हे खरे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार मात्र जगभर स्त्रियांमध्ये काकणभर अधिकच आढळतो.

एक अडचण शरीराची आहे. गरोदरपणात बाळाच्या पेशींमार्फत नवऱ्याकडच्या घटकांशी स्त्रीच्या रक्ताची गाठ पडते आणि काहींच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढे नवरा किंवा मुले मूत्रपिंड द्यायला तयार असली, तरी ते कधीकधी जुळत नाही. त्यावर तोड आहे. अशा दोन कुटुंबांनी आपापल्या दात्यांची अदलाबदल करायची. २०११च्या कायदादुरुस्तीने तशी मुभा दिली आहे.

दुसरी अडचण घराची. कमावता माणूस आधी वाचला पाहिजे, असा हिशेब मांडला जातो. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाचा, औषधे जन्मभर. ती कोणासाठी परवडतात, हेही घरच ठरवते. मूत्रपिंड देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला २०२३च्या आदेशानुसार ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. नोकरीवरचा नवरा दाता होणार असेल, तर ही रजा त्याच्या कामी येईल. पण चूल सांभाळणारी बाई दाता झाली, तर तिची रजा कोण मंजूर करणार?

कायद्याला याची जाणीव आहे. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे २०१४च्या नियमांत म्हटले आहे. म्हणजे ती देते तेव्हा तिला विचारले जाते. पण ती स्वतः रुग्ण असते, तेव्हा ‘घरातल्या कोणाकोणाची तपासणी झाली?’ असे विचारणे कोणत्याच नियमात बसत नाही. तो प्रश्न आपणच विचारायचा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नोट्टो’ने मृत दात्यांच्या अवयवांसाठी प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना प्राधान्य द्यावे, अशी सूचना राज्यांना केली. सूचना चांगली आहे. पण आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणे हयात नातेवाइकांच्या अवयवांवर होतात. शिवाय यादीत नाव असले तरच प्राधान्य मिळणार. ज्या बाईची रक्ततपासणीच झाली नाही, जिला डायलिसिसपर्यंत कोणी नेले नाही, तिचे नाव यादीत येणार कसे?

तेव्हा घरातल्या बाईच्या पायांवर सूज दिसली, लघवी कमी झाली, रक्तदाब चढा राहू लागला, तर ‘होईल बरे’ म्हणू नका. तपासणी करा. मधुमेह असेल तर दरवर्षी करा. आणि मूत्रपिंड बदलायची वेळ आलीच, तर नवऱ्यासाठी जितके नातेवाईक तपासायला पाठवले असते, तितके तिच्यासाठीही पाठवा. ती ‘माझ्यासाठी कशाला एवढे?’ म्हणेल. तिचे तेवढे एक म्हणणे ऐकू नका.