टीव्हीवरचा आवडता हवामान अंदाजकर्ता कसा पारखाल?

खरीपपूर्व बैठकीत मी बियाण्याच्या आधी एक प्रश्न विचारतो : "हवामानाचं कोणाचं ऐकता?" त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे मला काही बोलावे लागत नाही. एरवी मागे बसणारेसुद्धा हिरिरीने बोलू लागतात. कोणी माणिकराव खुळे यांचे नाव घेते, कोणी डॉ. रामचंद्र साबळे यांचे, कोणी कृष्णानंद होसाळीकर यांचे. मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातील पंजाब डख यांचे नाव हमखास निघते. काही जण एखाद्या वाहिनीच्या निवेदिकेचे नाव सांगतात. जुनी माणसे मात्र अजून 'आमची माती आमची माणसं'च्या काळातल्या दूरदर्शनची आठवण काढतात.

आवडण्याची कारणे विचारली तर उत्तरे साधारण अशी येतात :

- "ते तारीख सांगतात, गोलमाल बोलत नाहीत."
- "आपल्या बोलीत सांगतात, आपल्या तालुक्याचं नाव घेतात."
- "चुकलं तर दुसऱ्या दिवशी कबूल करतात."
- "पाऊस सांगून थांबत नाहीत, फवारणी करावी की नको तेही सांगतात."

यातली एकही गोष्ट चुकीची नाही. अंदाज कितीही चांगला असला तरी तो समजला नाही तर शेतात उपयोगी पडत नाही. पण या कारणांत एक गोष्ट क्वचितच ऐकू येते : "मी महिनाभर लिहून ठेवलं, त्यांचे इतके अंदाज बरोबर आले." आवड आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीएवढा महाग पडू शकतो.

मे २०२५ ची आठवण

२०२५ मध्ये मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. सगळीकडे आनंद होता. टीव्हीवर दिवसभर पावसाची दृश्ये होती. त्यानंतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याच्या मोठ्या भागात पावसाने ओढ दिली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे सांगत होती. पण माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आवडत्या अंदाजकर्त्याच्या एका वाक्यावर तीन एकर सोयाबीन पेरले. एकरी ३० किलो म्हणजे ९० किलो बियाणे. उगवण झाली, पण कोंब करपले आणि दुबार पेरणी करावी लागली.

मी त्यांना विचारले, "त्यांनी पेरा म्हटलं होतं का?" ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "नाही. पाऊस येतोय एवढंच म्हटले होते. पेरायचं मीच ठरवलं."

मीही या बाबतीत निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी संध्याकाळचा अंदाज घाईत ऐकून मी एका गावात सकाळी फवारणी करा असा सल्ला दिला. दुपारी एकच्या सुमारास सर आली आणि औषध धुऊन गेले. अंदाजात 'तुरळक ठिकाणी' हे शब्द होते. मी ते कानाआड केले होते. तेव्हापासून मी वही ठेवतो.

चुकला तरी लाडका : ब्रिटनचे उदाहरण

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९५४ पासून हवामानतज्ज्ञ स्वतः पडद्यावर येऊन अंदाज सांगू लागले आणि पुढे घराघरात ओळखीचे झाले. त्यांतले एक मायकेल फिश. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी दुपारच्या अंदाजात त्यांनी, चक्रीवादळ येतेय अशी एका महिलेची शंका हसत हसत फेटाळली. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडला भीषण वादळाने झोडपले. ब्रिटनमध्ये १८ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे दीड कोटी झाडे पडली. फिश यांनी नंतर सांगितले की, ते वाक्य अटलांटिकच्या पलीकडच्या वादळाबद्दल होते, आणि वारा जोराचा असेल हेही आपण बोललो होतो. पण लोकांच्या लक्षात ते एकच वाक्य राहिले.

तरीही ते पुढे अनेक वर्षे पडद्यावर राहिले आणि लोकांचे लाडकेही राहिले. यातून दोन गोष्टी समजतात. एका मोठ्या चुकीवरून माणूस पारखता येत नाही. आणि आपल्याला आवडतो म्हणून त्याचा अंदाज बरोबर ठरत नाही.

पडद्यावरचा माणूस नेमका कोण?

टीव्हीवर हवामान सांगणारे तीन प्रकारचे असतात.

१. निवेदक. हे बहुतेक वेळा हवामान विभागाचे पत्रक आपल्या शब्दांत सांगतात. अंदाज त्यांचा नसतो. दोन वाहिन्यांचे अंदाज वेगळे वाटतात तेव्हा अनेकदा मूळ पत्रक एकच असते आणि शब्द बदललेले असतात. 'तुरळक ठिकाणी मुसळधार'मधले 'तुरळक ठिकाणी' गळले की बातमी पूर्ण बदलते.

२. हवामान विभागाचे अधिकारी. हे अंदाज तयार करणाऱ्या यंत्रणेचे भाग असतात. मोजून-मापून बोलतात, म्हणून काहींना कोरडे वाटतात.

३. स्वतंत्र अभ्यासक. यांत निवृत्त हवामानतज्ज्ञ आहेत, कृषी हवामानाचे प्राध्यापक आहेत आणि स्वतःच्या निरीक्षणातून शिकलेलेही आहेत. यांना ऐकताना अंदाज कशाच्या आधारे दिला आणि किती दिवसांपुढचा आहे, हे विचारावे.

तिघांपैकी कोणालाही आवडते म्हणा. पण त्यांचे शब्द समजून घ्या.

शब्दांचे नेमके अर्थ

हवामान विभागाच्या भाषेत प्रत्येक शब्दाला आकडा आहे. २४ तासांतील पाऊस असा मोजतात :

- हलका : २.५ ते १५.५ मि.मी.
- मध्यम : १५.६ ते ६४.४ मि.मी.
- जोरदार : ६४.५ ते ११५.५ मि.मी.
- अति जोरदार : ११५.६ ते २०४.४ मि.मी.
- अत्यंत जोरदार : २०४.४ मि.मी. पेक्षा जास्त

टीव्हीवर 'मुसळधार' हा शब्द बहुधा जोरदार पावसासाठी वापरतात. पाऊस किती भागात पडेल, यालाही शब्द आहेत :

- तुरळक ठिकाणी : २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर
- काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के
- बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के
- बहुतेक ठिकाणी : ७५ टक्क्यांहून जास्त

म्हणजे 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' याचा अर्थ चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त ठिकाणी जोरदार पाऊस होणार नाही. आपल्या शिवारात थेंब पडला नाही म्हणून तो अंदाज खोटा ठरत नाही. अनेक चांगल्या अंदाजकर्त्यांना इथेच विनाकारण शिव्या बसतात.

पिवळा, नारिंगी, लाल हे रंग सावधगिरीची पातळी सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंगावरून आपल्या वावरातला पाऊस मि.मी. मध्ये कळत नाही.

एक महिन्याची वही

आता मुख्य कामाकडे येऊ. एक साधे पर्जन्यमापक घ्या. विकत घेता आले नाही तर सपाट तळाचा, सरळ भिंतींचा डबा आणि पट्टी चालेल. डब्यात १० मि.मी. पाणी साचले तर पाऊस १० मि.मी. झाला. डबा मोकळ्या जागी, झाड किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजून रिकामा करा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मंगळवारी पहाटे तीनला पडलेला पाऊस सोमवारच्या अंदाजाशी ताडून पाहायचा असतो, हे लक्षात ठेवा.

वहीत रोज चार रकाने भरा : तारीख, अंदाज कोणाचा, अंदाज काय (पाऊस आहे की नाही), आणि प्रत्यक्ष पाऊस किती. २.५ मि.मी. किंवा जास्त म्हणजे 'पडला' धरा. अंदाज आदल्या संध्याकाळचाच लिहा, नंतर आठवून लिहू नका.

महिना संपल्यावर कसे वाचायचे, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. ३० दिवसांपैकी १० दिवस पाऊस पडला, असे समजा.

अंदाजकर्ता 'अ' : २५ दिवस 'पाऊस येणार' म्हणाला. त्यातले ९ दिवस पडला, १६ दिवस पडला नाही. एक पाऊस हुकला.

अंदाजकर्ता 'ब' : ११ दिवस 'पाऊस येणार' म्हणाला. त्यातले ७ दिवस पडला, ४ दिवस पडला नाही. तीन पाऊस हुकले.

पारावर चर्चा झाली तर 'अ' जिंकेल. "दहापैकी नऊ पाऊस सांगितले!" असे लोक म्हणतील, कारण पडलेला पाऊस लक्षात राहतो आणि न पडलेला विसरतो. पण 'अ' पाऊस म्हणाला तेव्हा तो खरा ठरण्याचे प्रमाण २५ पैकी ९, म्हणजे ३६ टक्के. 'ब'चे ११ पैकी ७, म्हणजे सुमारे ६४ टक्के. कोरडे दिवस धरून एकूण हिशेब केला तर 'अ' ३० पैकी १३ दिवस बरोबर, 'ब' २३ दिवस.

जुलैत कोकणात रोज 'पाऊस पडेल' म्हणणारा आणि फेब्रुवारीत सोलापुरात रोज 'कोरडे राहील' म्हणणारा जवळजवळ नेहमी बरोबर ठरेल. त्यात कौशल्य नाही. पारख होते ती हवामान बदलते तेव्हा : खंडाच्या आधी, खंडानंतर आणि परतीच्या पावसात.

कोणती चूक आपल्याला महाग पडते?

वरच्या उदाहरणातला 'ब' सरस दिसतो. पण प्रत्येक कामासाठी तोच योग्य, असे नाही. अंदाज दोन प्रकारे चुकतो : पाऊस सांगितला आणि आला नाही, किंवा सांगितला नाही आणि आला. कोणत्या चुकीने नुकसान होते, हे काम ठरवते.

- पेरणी : पाऊस सांगितला आणि आला नाही, ही चूक महाग. म्हणून अंदाजावर नव्हे, पडलेल्या पावसावर पेरा. सोयाबीनसारख्या पिकासाठी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, जमिनीत पुरेशी ओल तपासूनच पेरणी करावी.
- काढलेले सोयाबीन किंवा मळणी : न सांगितलेला पाऊस महाग. इथे 'अ'सारखा घाबरट अंदाजकर्ताही उपयोगी आहे. ताडपत्री झाकण्याचा त्रास होईल, पण माल भिजणार नाही.
- फवारणी : दोन्ही चुका महाग, पण सारख्या नाहीत. फवारणी एक दिवस पुढे ढकलणे बहुधा परवडते, धुऊन गेलेले औषध परवडत नाही. औषधाला किती तास कोरडे हवे, ते लेबलवर पाहा.
- द्राक्ष : फुलोऱ्यात न सांगितलेला पाऊस म्हणजे डाऊनी आणि गळ. इथेही सावध अंदाज बरा.
- वीज : इथे जुगार नको. गडगडाट ऐकू आला की शेत सोडा. 'दामिनी' ॲप पाहत राहा.

म्हणून एकच आवडता ठेवण्याऐवजी कामानुसार कोणाचे ऐकायचे ते ठरवावे.

किती दिवसांपुढचा अंदाज ऐकावा?

तीन-चार दिवसांपर्यंतच्या अंदाजावर फवारणी, काढणी, सिंचन ठरवता येते. पाच ते दहा दिवसांच्या अंदाजावर मजूर आणि यंत्राची तयारी करावी. हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो, त्यातून पुढच्या आठवड्यांचा कल कळतो, तारीख नाही. कोणी महिनाभर आधी आपल्या तालुक्यात अमुक तारखेला पाऊस म्हणत असेल, तर ते वहीत जरूर लिहा, पण त्यावर बियाणे खर्च करू नका. 'तारीख सांगतात' हे आवडण्याचे कारण असू शकते, अचूकतेचा पुरावा नाही.

टीव्हीच्या जोडीला 'मेघदूत' ॲप आणि कृषी विद्यापीठांचा कृषी हवामान सल्ला पाहावा. हा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि त्यात पीकनिहाय काय करावे तेही असते.

सहायक कृषी अधिकारी आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावाच्या आवडत्या अंदाजकर्त्याची टर उडवू नका. त्याने लोकांच्या भाषेत बोलून विश्वास मिळवला आहे, तो आपणही कमवायला हवा. बैठकीत एवढेच सांगा : "तुमचा आवडता आणि सरकारी अंदाज, दोन्ही एकाच वहीत महिनाभर लिहू." गावातल्या चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शिवारात पाऊस मोजला, तर 'आमच्याकडे पडलाच नाही' ही तक्रारही समजून घेता येते. शाळेतल्या मुलांना नोंदीचे काम दिले तर ती कंटाळा न करता लिहितात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांचे तीन एकर करपले होते, त्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामाआधी दाराशी डबा मांडला. आवडता अंदाजकर्ता त्यांनी बदललेला नाही. रोज संध्याकाळी ते त्यालाच ऐकतात. आता फक्त ऐकून झाल्यावर वहीत लिहितात, आणि पेरणीचा दिवस ठरवताना टीव्ही नाही, डबा पाहतात.