वाटाघाटींची तयारी दफ्तरखान्यात होते

वसाहतीच्या प्रश्नावर परक्या सत्तेशी बोलणी करावयास जाणाऱ्या अधिकाऱ्याजवळ कोणती शिदोरी हवी? वक्तृत्व, इंग्रजीवरील प्रभुत्व आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे ज्ञान, असे उत्तर सामान्यतः मिळेल. दादरा-नगर हवेलीच्या दाव्याचा इतिहास मात्र ही यादी अपुरी ठरवितो.

भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये पोर्तुगालपुढे वसाहतींविषयी वाटाघाटींचा प्रस्ताव ठेवला. लिस्बनने तो धुडकावला व जून १९५३ मध्ये भारताने तेथील आपली वकिलात बंद केली. १९५४ साली दादरा व नगर हवेली मुक्त झाल्या. तेव्हा दमणहून तेथे जाण्यायेण्याचा हक्क सांगत पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने ही गावे आपणांस सार्वभौम हक्काने दिली, हा त्याचा एक प्रमुख आधार होता.

साहजिकच प्रश्न येऊन ठेपला तो मराठी शब्दांच्या अर्थावर. पेशव्यांनी दिला तो मुलूख, की केवळ बारा हजार रुपयांचा वसूल? तह, १७८३ व १७८५ च्या सनदा आणि पत्रव्यवहार तपासून न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय दिला, की ते दान जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचे होते. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यावयाचे असे, तेव्हा ते तशी स्पष्ट शब्दयोजना करीत, हेही त्याने नोंदविले.

परंतु त्याच निकालाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांच्या सत्तेला कधी हरकत घेतली नाही. स्वतंत्र भारतानेही ती मुकाट्याने मान्य केली, असे न्यायालयाचे मत पडले. सरंजामदाराचा सार्वभौम झाला तो असा, दीर्घ मौनामुळे! त्यामुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता मार्गाचा हक्क पोर्तुगालला मान्य झाला. सशस्त्र दले व शस्त्रास्त्रे यांबाबत मात्र तो नाकारण्यात आला. कारण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतरच्या व्यवहारात त्यासाठी पूर्वपरवानगी लागत असे. अखेर, १९५४ साली वाट अडविण्यात भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्वाळा नऊ विरुद्ध सहा मतांनी मिळाला.

तात्पर्य उघड आहे. कारकुनाने जपलेला कागद राष्ट्राच्या बाजूने साक्ष देतो. त्याने न लिहिलेला आक्षेप राष्ट्राच्या विरुद्ध जातो. पेशवाईची कागदपत्रे मोडी लिपीत आहेत आणि मोडी जाणणारे आज विरळ होत चालले आहेत. परराष्ट्र सेवेतील उमेदवारांस शिष्टाचाराबरोबर दफ्तरखान्याचीही ओळख करून द्यावी व विद्यापीठांनी मोडीच्या अभ्यासास स्थिर आश्रय द्यावा. प्रतिपक्ष तहाचे कलम पुढे करील, त्या दिवशी लिपी शिकावयास सवड मिळत नसते.