पेटी आता आकाशातून येते

सिल्वासात मराठी चित्रपट लावा म्हटलं, की पूर्वी ठरलेलं उत्तर मिळायचं: "प्रिंट नाही." ते खरंही असायचं. रिळांच्या पेट्या मोजक्याच निघत. आधी मोठी शहरं, मग उरलेली गावं. आपल्याकडे पोचेपर्यंत रिळांवर ओरखडे!

२००५च्या सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीजने चित्रपट उपग्रहावरून पाठवायला सुरुवात केली. गंमत म्हणजे, हे लाइव्ह प्रक्षेपण नव्हे. कुलूपबंद फाइल आधीच थिएटरच्या सर्व्हरवर उतरते आणि किल्ली ठरलेल्या खेळांपुरतीच मिळते. हॉलिवूडच्या डीसीआय मानकात चित्राला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा आहे, म्हणजे दोन तासांचे सव्वादोनशे जीबी! यूएफओने बरंच आवळलेलं एमपीईजी-४ वापरलं, म्हणून उपग्रहाला ते पेललं. चित्र थोडं उणं असेल, पण ओरखड्यांपेक्षा मला ते कधीही चालेल.

शंभर गावं असली तरी प्रक्षेपण एकच. त्यामुळे थिएटरवाल्याचा आता एकच प्रश्न उरतो: खुर्च्या भरतील का? तेव्हा मुलांनो, पुढचा मराठी चित्रपट जाहीर झाला की मंडळाच्या ग्रुपवर नावं गोळा करा आणि यादी घेऊन मॅनेजरला भेटा. सकाळचा खेळ दिला, तरी घ्या.